साहेबांची रबरी विजार

मी आयुष्यात एकही मासा पकडलेला नाही. गळाला गांडूळ लावतानासुद्धा माझं तोंड वाकडं होतं. पण पाण्यात उभं राहून मासे धरायची रबरी विजार कशी पारखून घ्यावी, हे मला विचारा. त्या काळी बदलापुरात तरी ह्या विषयातला माझ्याएवढा जाणकार दुसरा नव्हता, आणि त्या ज्ञानाचा मला पुढे काडीचा उपयोग झाला नाही.

विजार म्हणजे काय ते आधी सांगतो. खाली रबरी बूट, त्यालाच जोडलेली छातीपर्यंत येणारी रबरी कापडाची विजार, आणि ती खांद्यावर अडकवायला दोन पट्टे. माणूस आत उतरला की कंबरभर पाण्यात उभा राहूनही कोरडा. साहेब तिला वेडर म्हणत. आमच्या घरात ती ‘साहेबांची विजार’ होती. पडवीत दोरीवर टांगली की बिनमुंडक्याचा माणूस उभा आहे असं वाटायचं, आणि माझी बायको पदर तोंडाला लावून हसायची.

साहेब म्हणजे अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातले आमचे मॅनेजर. मी तिथे हजेरी-कारकून, तोही हंगामी. पन्नासच्या आसपासची ही गोष्ट. माझ्या मागून लागलेले दोघे कायम झाले होते आणि मी दोन वर्षं तसाच लटकत होतो. कायम झालेल्याला कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या मिळत, दारात नळ. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि माझा बा, बदलापुरात नदीच्या अंगाला मामाच्या पडवीत राहत होतो. मामा तोंडाने कधी काही बोलला नाही. मामी बोलायची नाही, भांडी आपटायची. त्यात बायकोला दिवस गेले. ती बाळंतपणाला माहेरी जाईल ती जाईल, पण मूल घेऊन परत येईल ते आपल्या दारात यावी, मामीच्या भांड्यांत नको, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

आणि अशा वेळी एक दिवस साहेबांनी हपिसात येऊन विचारलं, “बदलापूरला नदीजवळ कोण राहतं?” मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. तो हात पुढे मला खाली घेता आला नाही.

साहेबांना मासेमारीचा नाद होता आणि त्यांच्या बाईसाहेबांना चिखलाच्या वासाचा तिटकारा. तेव्हा गळाची काठी, स्टूल आणि विजार आमच्या पडवीत राहायची, आणि पावसाळा सरला की दर रविवारी सकाळी साहेबांची जीप यायची. मी सामान घेऊन नदीवर जायचं, त्यांना स्टुलावर बसवून विजारीत उतरवायचं, पट्टे आवळायचे. मग ते पाण्यात उभे आणि मी काठावर उभा. साहेब उभे असताना कारकुनाने बसायचं कसं? तीन-तीन तास मी असा उभा राहिलोय. पलीकडच्या वाडीतली एखादी बाई लुगडं खोचून पाण्यात शिरायची, टोपली लावून दोन-चार मासे काढायची आणि आमच्याकडे बघत निघून जायची. साहेबांना मिळालाच तर एखादा बोटभर खवल मासा मिळायचा.

मासा मिळो न मिळो, माझं लक्ष त्यांच्या मोज्यांवर असायचं. साहेबांना सांधेदुखी होती. मोजे कोरडे निघाले की साहेब शीळ घालत जीपमध्ये बसायचे आणि म्हणायचे, “तुझ्या कागदाचं बघतो हं ह्या आठवड्यात.” ओले निघाले की एक शब्द नाही. मग सोमवारी त्यांचा गुडघा दुखायचा, आणि मला कायम करायचा कागद टेबलावर होता तिथेच पडून राहायचा. विलायतेहून आणलेली त्यांची जुनी विजार दिवाळीच्या आसपास गुडघ्यात फाटली. साहेब म्हणाले, “कँपात मिलिटरीचा माल मिळतो म्हणतात. बघ जरा तू.”

कँप म्हणजे उल्हासनगरचा दोन नंबरचा कँप. तिथे जायला माझे पाय सहजी उचलत नसत. लढाईच्या आधी तिथे आमचा भाजीचा मळा होता. आसपास सगळ्यांच्या विहिरींवर रहाट होते. आमच्या विहिरीवर मात्र चामड्याची मोट, कारण माझा आजा घाटावरून आलेला आणि त्याला रहाटाचं पाणी पाणीच वाटायचं नाही. लढाईत मळा छावणीत गेला. लढाई संपली, लष्कर गेलं, बराकींतून सिंधमधून आलेली माणसं राहायला आली आणि रस्त्याला दुकानं लागली. मळ्याची खूण म्हणून विहीर तेवढी उरली. बा पुन्हा तिकडे फिरकला नाही. कल्याणला जायचं झालं तर गाडीत तो त्या बाजूला पाठ करून बसायचा.

येताना त्याने मोट तेवढी आणली होती. ती मामाच्या पडवीत आढ्याला टांगलेली असे. दर आठवड्याला बा ती खाली काढायचा, मांडीवर घ्यायचा आणि तिला करंजाचं तेल पाजायचा. बैल नाहीत, विहीर नाही, तरी तेल चुकलं नाही. त्या कडवट वासाची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो वास आहे हेच कळत नसे. बाकी दिवसभर बा भिंतीला टेकून बसायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा.

तर, कँपातलं ते दुकान आमच्या विहिरीच्या अगदी पुढ्यात निघालं. दुकानदार चाळिशीचा, सिंधी, अंगाने आडवा, बोलायला गोड. छताला रबरी कोट, पाण्याच्या पिशव्या, तंबूचं कापड, आणि मधोमध उलट्या टांगलेल्या चार विजारी. पारखायचं कसं ते त्यानेच मला शिकवलं. रबर चिमटीत धरून दुमडायचं. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर माल म्हातारा. जांघेतली शिवण दोन्ही हातांनी ताणायची, कारण पाणी आधी तिथूनच येतं. गुडघ्याची घडी उजेडात धरायची, कारण गोदामात वर्षानुवर्षं ती तशीच दाबून पडलेली असते. आणि शेवटी विजार पाण्याने भरून टांगायची आणि खाली कोरडी माती ठेवून वाट बघायची. ते पाणी त्याने मागच्या विहिरीतून काढून आणलं. आमच्याच विहिरीचं पाणी साहेबांच्या विजारीत ओतलं जाताना मी बघत बसलो. एक थेंब गळला नाही.

“आमच्या दर्यात हे लागत नाही, साईं,” तो हसत म्हणाला. सिंधू नदीला तो दर्या म्हणायचा. “हमारे उधर मच्छीवाला बडा मटका लेता है. मटके पे पेट रखके दर्या में सो जाता है. पल्ला मच्छी पकडके उसी मटके में डालता है. कपडा गीला, आदमी खुश!”

मी ती विजार घेतली. पहिले चार रविवार साहेब शीळ घालत गेले. पाचव्या रविवारी डावा मोजा ओला निघाला, सहाव्याला दोन्ही. सायकलच्या दुकानातून मी सोल्युशन आणि ट्यूबचे तुकडे आणून ठिगळं लावली. ती सकाळपर्यंत आपोआप निघून यायची. रबर हाताला चिकट लागत होतं, गुडघ्यापाशी फुगल्यासारखं झालं होतं. साहेब नाक वर करून म्हणाले, “ह्याला वास कसला रे येतो?” मी म्हटलं, मिलिटरीचा माल, तसाच असतो.

दुकानदाराने कटकट न करता विजार बदलून दिली. दुसरी मी दुप्पट काळजीने पारखली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ती दोनदा भरून टांगली. ती पाच रविवार टिकली. सहाव्या रविवारी नदीतून बाहेर आलेल्या साहेबांच्या बुटातून अक्षरशः तांब्याभर पाणी निघालं. त्यांनी मोजा माझ्या हातात पिळून दिला आणि शांतपणे म्हणाले, “आणखी एकदा पाणी आलं, तर हे सामान मी दुसऱ्या कुणाकडे ठेवीन. तुझ्या कागदाचंही मग बघू.”

बायकोला तेव्हा सातवा लागला होता. ती माहेरी जायला निघाली तेव्हा तिने काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणूनच मला जास्त लागलं.

मी विजार खांद्यावर टाकून तडक कँपात गेलो आणि भर बाजारात दुकानदारावर ओरडलो. कधी नव्हे तो माझा आवाज चढला. चोर म्हटलं, सडका माल गळ्यात बांधतोस म्हटलं, आणखीही काही म्हटलं ते इथे लिहीत नाही. आजूबाजूची माणसं जमली. त्याचा चेहरा उतरला. तो विजार घेऊन उजेडात गेला, अंगठा दाबला, अंगठ्याला काळं लागलं. मग त्याने शिवणीला नाक लावलं.

“साईं,” तो म्हणाला, “इसको तेल किसने पिलाया?”

“तेल? कुणी नाही.”

“तेल रबर का दुश्मन है. तेल लगा तो रबर मर गया. सूँघो.”

मी वास घेतला. करंज. घराच्या पडवीत मला कधी न जाणवलेला तो वास तिथे, बाजाराच्या मध्यावर, नाकात भसकन शिरला. माझे कान तापले. मी माफी मागायला हवी होती. पण मी खाली बघत खराब विजारीची घडी घालत राहिलो. त्याने तिसरी विजार काढली, पारखली, भरून दाखवली, आणि मग स्वतःच म्हणाला, “ये इधर रहने दो. पहले घर जाके देखो.” मी खराब विजारच परत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय असं खोटंच सांगून मी दुपारी कारखान्यातून निघालो. बा पडवीत बसला होता. मांडीवर साहेबांची विजार, शेजारी वाटीत तेल, हातात फडकं. तो दचकला नाही. उलट त्याचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

“आलास? बस,” तो म्हणाला. “शिवनीला पाजतोय. शिवनच आधी फुटतं.”

“कधीपासून लावतोस, बा?”

“पयल्या दिसापासून. तुला नाय बोललो. म्हटलं, साहेबाला कललं तं बोलंल, बापाला कामाला लावलाय. तेल पाजतो नि कोरड्या फडक्यानं पुसून घेतो, हाताला लागत नाय कोनाच्या.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “चामडं काय नि रबर काय, पान्यात जायाचं त्याला तेल पायजेच. त्या दुकानदाराचा मालच खराब. मी हाय म्हनून पाच रविवार तरी जातान. नायतं पयल्याच रविवारी फुटली आसती. तुजी नोकरी पक्की व्हवी म्हनून करतोय, रं.”

मला त्याचा राग आला होता, खरंच सांगतो. हातातली वाटी उचलून अंगणात फेकावी इतका. आणि त्याच क्षणी मला रडू येत होतं. एवढे दिवस तो सकाळी लवकर उठायला लागला होता, दर रविवारी “गलली का रं?” म्हणून विचारायचा, जेवायला दोन घास जास्त घ्यायचा, ते सगळं का होतं हे मला आत्ता कळत होतं. मळा गेल्यापासून त्याला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं. मी तोंड उघडलं, आणि त्याची तेलात भिजलेली बोटं शिवणीवरून फिरताना बघत ते मिटलं.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी माझी गत झाली. सांगितलं तर हा म्हातारा पुन्हा भिंतीला टेकणार, आणि ह्या वेळी मनात हे घेऊन की मुलाची नोकरी मीच बुडवत होतो. नाही सांगितलं तर तिसरी विजारही पाच रविवारांत जाणार, तिच्याबरोबर कागद, आणि कागदाबरोबर दोन खोल्या. चार दिवस मी विजार शेजारच्या घरी लपवून पाहिली. साहेबांनी नेली, असं बाला सांगितलं. त्याने मोट खाली काढली, तिला तेल न लावताच परत टांगली, आणि ताटावरून अर्ध्यात उठला. पाचव्या दिवशी मी विजार परत आणली.

शेवटी दुकानदाराला जाऊन सगळं सांगितलं. आधी चोर म्हटल्याची माफी मागितली. तो आधी पोट धरून हसला. मग एकदम थांबला. मागच्या बराकीकडे बोट करून म्हणाला, “मेरा बाबा वहाँ बैठा है. आँख से दिखता नहीं. रोज सुबह पूछता है, दर्या चढी क्या? हम सब बोलते हैं, हाँ बाबा, चढी है. बच्चा भी बोलता है.” मग तिसरी विजार खुंटीवर टांगत म्हणाला, “अच्छी वाली मेरे पास रखो. खराब वाली उनको दो. लगाने दो तेल.”

तसं सुरू झालं. शनिवारी कारखाना सुटला की मी कँपात जायचं, चांगली विजार गोणपाटात गुंडाळून आणायची आणि नदीकाठच्या आंब्याच्या ढोलीत ठेवायची. रविवारी सकाळी बाच्या देखत तेल प्यालेली विजार खांद्यावर टाकून निघायचं, आंब्याखाली अदलाबदल करायची, साहेब गेले की पुन्हा उलट. सोमवारी चांगली विजार कँपात. शनिवार ते सोमवार एकही दिवस माझा राहिला नाही. पण मोजे कोरडे निघायला लागले. एक रविवार, दोन, तीन, चार. साहेब एकदा माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “पुढच्या सोमवारी सही करतो.” घरी बा विचारायचा, “गलली का रं?” मी म्हणायचो, “थेंब नाही.” तो मान हलवायचा आणि मोटेकडे बघायचा.

त्याच्या पुढच्या रविवारी बा नदीवर आला.

तो कधी यायचा नाही. काठी टेकत, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून तो पायवाटेने उतरला आणि लांब उभा राहून पाण्यात उभ्या असलेल्या साहेबांकडे बघत राहिला. साहेब बाहेर आले, मी पट्टे सोडून विजार गुडघ्यापर्यंत उतरवली, ते स्टुलावर बसले. मी पुढे व्हायच्या आत बाने वाकून त्यांची टाच धरली आणि बूट ओढला. मोजा खडखडीत कोरडा.

“हे कोण?” साहेबांनी विचारलं.

“माझे वडील.”

“अस्सं? आजोबा, तुमचा मुलगा विजार फार छान सांभाळतो. महिनाभर पाण्याचा थेंब नाही आत.”

बाचा हात अजून रबरावरच होता. तो गुडघ्यावरून फिरला, शिवणीवर आला आणि थांबला. ते रबर सुकं होतं, राखाडी होतं, त्याला कधी तेलाचा थेंब लागलेला नव्हता. बाने बोटं नाकाशी नेली. मग त्याची नजर आंब्याकडे गेली. ढोलीतल्या गोणपाटातून काळ्या, चकचकीत विजारीचा एक पाय बाहेर लोंबत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा गुंडाळत असल्यासारखं करून खाली बघत राहिलो.

“व्हय, साहेब,” बा म्हणाला. “पोराला वस्तू राखता येतं.”

एवढं बोलून तो आल्या वाटेने परत गेला. मला त्याच्या मागे धावायचं होतं. पण साहेबांना अजून तासभर बसायचं होतं, मग चहा प्यायचा होता, मग त्यांना जीपपर्यंत सोडायचं होतं. मी स्टुलामागे उभा राहिलो. आयुष्यात इतका लांब तास दुसरा आठवत नाही.

घरी आलो. तेल प्यालेली विजार दोरीवर टांगली. बा जेवला, मामाशी उन्हाळ्याबद्दल चार शब्द बोलला. मोटेचं नाव नाही, विजारीचं नाही.

सोमवारी साहेबांनी सही केली. कागद घेऊन मी घरी आलो, बाच्या पाया पडलो. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याने कागद लांब धरून बराच वेळ पाहिला. मग घडी घालून माझ्या हातात दिला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “तेलानंच टिकली बग.”

“हो, बा,” मी म्हटलं.

बुधवारी घरी आलो तर तो पडवीत बसलेला होता. मांडीवर तीच मेलेली विजार, रबर डांबरासारखं झालेलं, फडकं त्याला चिकटत होतं. तो शिवणीवरून बोट फिरवत होता, सावकाश, एकही जागा न सोडता. कुणासाठी चाललंय हे त्याला माहीत होतं, आणि मलाही. मान वर न करता तो म्हणाला, “तेल सपलंय. उद्या येताना बाटली आन. साहेबाचा रविवार कोरडा गेला पायजे.”

दुसऱ्या दिवशी मी करंजाच्या तेलाची बाटली आणली. पुढे अंबरनाथच्या दोन खोल्यांत राहायला गेल्यावरही, बा होता तोवर, मी दर महिन्याला ती आणत राहिलो.